आतली कडी

कदंबची शेवटची बस वळून गेली की
शिणगाळच्या उपकेंद्रात आपण दोघीच, जयवंती,
आणि दाराला आतून कडी नव्हती.
कडीच्या जागी चार भोकं, गंजलेली,
त्यांतून सकाळ आत यायची, आधी चार ठिपके,
मग बाकीची.

आपण खाट ओढून दाराला लावायचो.
अडलेली बाई आली की खाट तिला लागायची.
त्या रात्री तिच्या सासऱ्यानं बाहेरून
पाठ लावून धरलं दार,
तोंड रानाकडे करून, पहाटे साडेचारपर्यंत.
मुलगी झाली. त्याला सांगायला गेलो
तर म्हातारा उभ्यानंच झोपला होता.

मग तुला पणजीला बोलावलं.
समितीत एक परिचारिका असावी, असं कुणी म्हणालं म्हणे.
अकरा डॉक्टर, एक हिशेबनीस, आणि तू,
चहाचा ट्रे ठेवतात त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर.
तीन वर्षं तू कागद वाचलेस.
तुझ्या नऊ रात्रपाळ्या माझ्या अंगावर पडल्या,
ते मी विसरलेले नाही. इथं लिहून ठेवते.

तू एक कलम लिहिलंस:
प्रत्येक उपकेंद्राच्या दाराला आतून कडी असावी
आणि ती ठेंगण्या बाईच्याही हाताला पोचावी.
सचिवांनी चष्मा काढून पुसला.
सिस्टर, हे धोरण आहे, म्हणाले,
हार्डवेअरच्या दुकानाची यादी नव्हे.
छापून आलं तेव्हा त्या जागी होतं
'सुरक्षित व सक्षम कार्यवातावरण सुनिश्चित करणे'.
फोनवर वाचून दाखवलंस. दोघी हसलो.
तू हसायची थांबलीस
ते मला ऐकू आलं.

पहिल्या खेपेला पडलीस. अनामतही गेली.
मी मनात म्हटलं, आता परत येईल ड्यूटीवर.

दुसऱ्या खेपेला काजूचे दिवस,
चढणीवर पिकल्या बोंडांचा आंबूस वास.
तू हात जोडायचीस
आणि बाया मनगट पुढं करायच्या.
घड्याळाकडे बघत पुरं एक मिनिट मोजायचीस,
मागे पोरं झेंडे घेऊन घामाघूम:
बाय, अजून सतरा वाडे आसात!
एकीची नाडी अडखळली.
मत राहू दे, तू तिला म्हणालीस, आधी मडगावला जा. आजच.
ती आली. तोवर माझी बदली तिथंच झालेली.
मतदानाच्या दिवशी ती माझ्या वॉर्डात, सात नंबरला.
तर ते एक मत तुझं गेलं.

आणि तरीही.

तू शपथ घेतलीस तेव्हा वॉर्डातला टीव्ही मुका होता,
कुणाला तरी नुकता डोळा लागलेला.
दिल्लीच्या त्या एवढ्या मोठ्या छताखाली
तुझे नुसते ओठ हलताना पाहिले.
मला वाटलं, नाडी मोजते आहेस.
घड्याळात पाहिलं मी, उगाच.

तुझा प्रश्न वाचला. अतारांकित.
देशातल्या किती उपकेंद्रांना आतून कडी आहे?
उत्तरही वाचलं:
माहिती संकलित करून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल.

परवा रजा टाकून शिणगाळला गेले.
नवी मुलगी आहे, विशीतली. तिनं पेज दिली, करमलाचं लोणचं दिलं.
रात्री काय करतेस, विचारलं.
तिनं खाटेकडे बोट दाखवलं.

तान्ह्यांच्या डोक्याचा घेर मोजायच्या फितीनं
मी माप घेऊन आले आहे.
भोकांमधलं अंतर साडेनऊ सेंटिमीटर.
उंबऱ्यापासून उंची मोजायला फीत पुरली नाही,
माझ्या खांद्याला लागतात. तुझ्या हनुवटीला लागायची.
हे पटलावर ठेव.

नऊ रात्रपाळ्यांचं आपण नंतर बघू.